जयपूरचं कंपोझिट तिकीट, पाच माणसं, दोन दिवस: आमच्या बाबतीत नेमकं काय झालं

हे जरा सविस्तर लिहितेय कारण जयपूरला निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतंच की कंपोझिट तिकीट, म्हणजे बऱ्याच ठिकाणांचं मिळून एकच तिकीट, काढा, सगळं त्यात होतं, पैसे वाचतात. आम्हालाही सांगितलं. आम्ही काढलं. आणि आमच्या बाबतीत त्याचं काय झालं ते तारीखवार, हिशोबासकट मांडते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

गेलो होतो नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी झाल्या झाल्या. आम्ही पाच जण, मी, हे, इंजिनिअरिंगला असलेली लेक, आठवीतला धाकटा, आणि सासरे, ज्यांना घरात सगळे बाबाच म्हणतात. बाबा ७१ वर्षांचे, आयुष्यभर शाळेत गणित आणि भूगोल शिकवला, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांची एकच मागणी होती, जंतर मंतर, म्हणजे तिथली जुनी वेधशाळा, नीट बघायचं. बाकी तुम्ही ठरवा म्हणाले.

मुंबई सेंट्रलहून रात्रीची गाडी पकडून दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, दुपारी पाऊण-एकला जयपूरला उतरलो. हॉटेलवर सामान टाकलं, जेवलो, आणि अडीचला वाटलं की अर्धा दिवस कशाला फुकट घालवायचा, अल्बर्ट हॉल म्युझियम जवळ आहे, तिथे जाऊ. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला विचारलं की ते सगळ्यांचं मिळून तिकीट किती वेळ चालतं, तर तो म्हणाला, "अठ्ठेचालीस घंटे, मॅडम." मी मनात धरून चालले की आज तीनला काढलं तर परवा तीनपर्यंत. इथेच पहिली चूक झाली आणि बाकी सगळं त्यातून निघालं.

अल्बर्ट हॉलच्या खिडकीवर तेव्हा भारतीयांना कंपोझिट ३०० रुपये होतं, विद्यार्थ्यांना ४०, परदेशी पाहुण्यांना १०००. आत काय काय येतं तर आमेरचा किल्ला, अल्बर्ट हॉल, हवा महल, जंतर मंतर, नाहरगढ किल्ला, इसरलाट हा मनोरा, सिसोदिया राणीचा बाग आणि विद्याधर बाग. म्हणजे आठ ठिकाणं. लेकीकडे कॉलेजचं आयकार्ड होतं, तिचं ४० मध्ये झालं. धाकट्याचं शाळेचं आयकार्ड घरी कपाटात, त्यामुळे त्याचेही पूर्ण ३००. एकूण १२४०. मी तिकिटं पर्समध्ये ठेवली आणि सहज पुन्हा विचारलं की परवापर्यंत ना, तर खिडकीमागचा माणूस शांतपणे म्हणाला, "आज और कल."

म्हणजे तास मोजत नाहीत, तारखा मोजतात. ज्या दिवशी काढलं तो एक दिवस, त्याच्या पुढचा तो दुसरा. आम्ही पहिल्या दिवसातले जेमतेम दोन तास शिल्लक असताना काढलं होतं. परत करता येतंय का विचारलं, नाही म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

अल्बर्ट हॉल मात्र छान झाला. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला होता तेव्हा ह्याची पायाभरणी झाली, शहराला गुलाबी रंग दिला तोही त्याच भेटीसाठी असं सांगतात, आणि म्युझियम म्हणून सुरू झालं १८८७ मध्ये. इमारतीचं काम स्विंटन जेकब ह्या इंग्रज इंजिनिअरचं. धाकट्याला फक्त ममी बघायची होती, तुतू नावाची इजिप्तची ममी आहे तिथे. ऑगस्ट २०२० मध्ये जयपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पाणी खालच्या मजल्यात घुसलं आणि ह्या ममीला वाचवायला पेटीची काच फोडून तिला बाहेर काढावं लागलं होतं, हे बाबांनी पेपरात वाचलेलं त्यांना आठवत होतं. धाकटा तिच्यासमोरून हलेना. पाच वाजले, बंद झालं, दिवस संपला. आठपैकी एक.

रात्री हॉटेलवर बसून आम्ही दुसऱ्या दिवसाचा बेत आखला आणि आता मागे वळून बघताना मला वाटतं की ती रात्रच ह्या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. कारण आम्ही काय बघायला आवडेल असं बोलतच नव्हतो, उरलेली सात एका दिवसात कशी बसतील हेच बोलत होतो. ह्यांनी फोनवर नकाशा उघडून आमेर आठला, मग नाहरगढ, मग हवा महल, जंतर मंतर, इसरलाट आणि जमलं तर आग्रा रोडवरचे दोन्ही बाग असं लिहून काढलं. बाबा ऐकत होते. म्हणाले, "जंतर मंतरला किती वेळ ठेवलायस?" हे म्हणाले, पाऊण तास. बाबा काहीच बोलले नाहीत, झोपायला गेले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, सव्वाआठला आम्ही आमेरला होतो. शहरापासून साधारण ११ किलोमीटर. बाबांना चढ नको म्हणून खालून जीप केली, ती मागच्या रस्त्याने वर नेते. जलेब चौकात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं, गर्दी नव्हती, आणि इथे पासचा, म्हणजे ह्या कंपोझिट तिकिटाचा, खरा फायदा पहिल्यांदा दिसला कारण तिकिटाच्या खिडकीशी रांग लागायला सुरुवात झाली होती आणि आम्ही सरळ आत गेलो.

आमेरचं बांधकाम राजा मानसिंगाने १५९२ च्या सुमाराला सुरू केलं, पण गणेश पोळ हा दरवाजा, शीश महल हा जो भाग बघायला लोक येतात तो मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातला. मराठी माणसाला हे नाव कोणी समजावून सांगायला लागत नाही. दिवाण-ए-आमच्या खांबापाशी बाबा थांबले आणि धाकट्याला म्हणाले, "पुरंदरचा तह कधी झाला?" तो म्हणाला १६६५. "किल्ले किती दिले?" तेवीस. "ज्याने घेतले ना, त्याचं हे घर." पोरगं एकदम गप्प झालं आणि वर मान करून त्या खांबांकडे बघायला लागलं. मग बाबांनी पुढचंही सांगितलं, की आग्र्याला महाराज गेले तेव्हा जामीन राहिलेला रामसिंग ह्याच मिर्झाराजांचा मुलगा, आणि मिर्झाराजे दख्खनहून परत घरी आलेच नाहीत, १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला गेले. पुस्तकात चार ओळींत संपलेला माणूस असा त्याच्या अंगणात उभं राहून कळतो तेव्हा वेगळंच वाटतं. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. यादीप्रमाणे तिथे दहा मिनिटं होती.

शीश महलला मात्र गर्दी झाली होती तोवर, सगळे फोटोच्या मागे, आम्ही पटकन पुढे सरकलो. खाली उतरेपर्यंत साडेअकरा.

आता नाहरगढ. आमेरहून परत येताना डोंगरात वळून रस्ता वर जातो, अंतर फार नाही पण रस्ता घाटाचा, वर गेलं की दीड-दोन तास सहज जातात. ह्यांचं म्हणणं जाऊया, वाटेवरच आहे, पासवर आहे. लेक म्हणाली गेलो तर जंतर मंतर पाऊण तासाचंच होईल. गाडीत थोडी वादावादी झाली. हे म्हणाले, "अगं पैसे भरलेत त्याचे." तेव्हा मी म्हटलं की बाबा ज्या एका गोष्टीसाठी आलेत ती आधी, बाकी राहिलं तर राहू दे. बाबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी हेच म्हणाले, "ठीके, सरळ घे भाऊ," आणि गाडी जलमहालाच्या काठाने शहराकडे आली.

हवा महल दुपारी सव्वाबाराला. हे चुकीच्या वेळेला केलं. त्याचा जाळीदार चेहरा पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं, दुपारी तो सावलीत जातो. आत शिरायचं तर मागच्या बाजूने. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगाने बांधला, लालचंद उस्ताद हा त्याचा कारागीर, ९५३ झरोके, पाच मजले, आणि वरचे तीन मजले तर एका खोलीइतकेच रुंद आहेत, हे आत गेल्याशिवाय कळत नाही, समोरून तो केवढा तरी महाल वाटतो. बाबांसाठी बरं झालं ते म्हणजे वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्या नाहीत, उतार आहेत, ते हळूहळू बरंच वर आले. एका झरोक्यापाशी हात धरून उभे राहिले, बाहेर ऊन आणि आत गार वारा.

जेवून सव्वादोनला जंतर मंतर. इथे मला जरा थांबायचंय.

सवाई जयसिंग दुसरा, ज्याने १७२७ मध्ये जयपूर वसवलं, त्याने पाच वेधशाळा बांधल्या, दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरची सगळ्यांत मोठी, १९ यंत्रं, २०१० पासून जागतिक वारसा यादीत. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते, त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, तेच ते रेखागणित. ह्या माणसाबद्दल बाबा गेली चाळीस वर्षं वर्गात सांगत आले आणि जागा आज पहिल्यांदा बघत होते.

आधी आम्ही लघु सम्राट यंत्रापाशी गेलो. मधली तिरपी भिंत असते, तिचा चढ जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे २७ अंशांच्या जवळ, आणि तिची कड थेट ध्रुवाच्या दिशेने जाते. दोन्ही बाजूंना संगमरवरी पाकळ्या, त्यावर खुणा. सकाळी सावली पश्चिमेच्या पाकळीवर पडते, दुपारी पूर्वेच्या. बाबांनी खिशातून वही काढली, मनगटावरचं जुनं एचएमटी फोनशी जुळवून घेतलं, आणि सावलीची कड कुठे आहे ते वाचलं. घड्याळात २ वाजून ४० मिनिटं, यंत्रावर २ वाजून साधारण २८. धाकटा म्हणाला, "आजोबा, हे बंद पडलंय, बारा मिनिटं मागे आहे."

बाबांना हेच हवं होतं. तिथेच कट्ट्यावर बसून त्याला सांगितलं की आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतं, जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथे साधारण २७ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. मग फरक २७ चा हवा, १२ चाच का? कारण पृथ्वीची कक्षा गोल नाही आणि आस कललेली आहे म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाबरहुकूम चालत नाही, नोव्हेंबरच्या मध्यात तो १५ मिनिटं पुढे असतो. २७ वजा १५, बारा. "बंद पडलेलं नाही बाळा, हे खरी वेळ दाखवतंय, तुझा फोन सगळ्या देशाने मिळून ठरवलेली वेळ दाखवतो." बाजूला दुसरी एक फॅमिली उभी होती, नागपूरची निघाली, तेही ऐकत बसले.

मग मोठं सम्राट यंत्र. २७ मीटर उंच. त्याच्या खुणा दोन सेकंदांपर्यंतच्या. आम्ही पूर्वेच्या पाकळीपाशी उभे राहिलो आणि बाबा म्हणाले कोणी बोलू नका, सावलीकडे बघा. आणि खरंच सांगते, सावली हलताना दिसते. एका सेकंदाला मिलिमीटरभर, मिनिटाला चार बोटं, दगडावरून वर वर सरकत जाते. पृथ्वी फिरते हे मी शाळेत शिकले, पण ती फिरताना डोळ्यांनी बघितली ती तिथे. कड थोडी धूसर असते, कारण सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, हेही बाबांनी दाखवलं. लेकीने फोन खाली ठेवला होता, तिच्यासाठी ही मोठी गोष्ट.

जयप्रकाश यंत्राच्या वाट्या, बारा राशींची बारा यंत्रं, राम यंत्र, सगळं बघून बाहेर पडलो तेव्हा साडेचार झाले होते आणि रखवालदार शिट्ट्या मारत होते. इसरलाट राहिलं, बाग राहिले, नाहरगढ राहिलं. पास संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिटी पॅलेस. हे पासमध्ये येत नाही, जयगढही नाही, दोन्ही राजघराण्याकडे आहेत, त्यांची तिकिटं वेगळी. आम्हाला हे माहीत होतं पण समोर एक कुटुंब पास दाखवून भांडत होतं. गंगाजल नेलेली चांदीची दोन अवाढव्य भांडी बघितली, १९०२ मध्ये जयपूरचा राजा माधोसिंग त्यातून पाणी घेऊन इंग्लंडला गेला होता. दुपारनंतर नाहरगढ, माणशी ५० रुपयांचं वेगळं तिकीट काढून. राण्यांसाठीचे एकसारखे नऊ महाल आहेत तिथे, आणि तटावरून संध्याकाळी अख्खं शहर खाली दिसतं, सरळ रस्ते, चौकोन, विद्याधर भट्टाचार्यांनी आखलेले. कुठेही पोचायची घाई नव्हती. सूर्य मावळेपर्यंत बसलो.

आता हिशोब. त्यावेळी सुटी तिकिटं अशी होती, आमेर १००, हवा महल ५०, जंतर मंतर ५०, नाहरगढ ५०, अल्बर्ट हॉल ४०. पाचांची बेरीज २९०. पास ३०० चा. म्हणजे जयपूरला सगळे जण जी पाच ठिकाणं बघतात ती पाचही पासवर बघितली तरी भारतीय माणसाचे पैसे वाचत नव्हते, उलट दहा रुपये जास्त जात होते. वाचायला लागत होते सहाव्या ठिकाणापासून, आणि सहावं म्हणजे इसरलाट किंवा आग्रा रोडचे बाग, जे पाहुणे सहसा टाळतात. आम्ही पासवर चारच केली, २४० ची, शिवाय नाहरगढचे ५० वेगळे. माणशी ३५० गेले, २९० मध्ये झालं असतं. लेक सोडून चार माणसांचे २४० रुपये जास्त. रक्कम काही मोठी नाही. पण त्या तिनशे रुपयांपायी आमच्या घरात एका रात्रीत सगळी यादी घड्याळाला बांधली गेली आणि ज्याच्यासाठी आलो त्या माणसाच्या वाट्याला पाऊण तास आला होता, ते मला जास्त लागलं. गाडी नाहरगढकडे वळली असती तर ती सावली आम्ही कोणीच बघितली नसती.

परदेशी पासपोर्टवाल्यांचं गणित तेव्हा वेगळं होतं. त्यांना आमेरच ५०० ला होतं, हवा महल आणि जंतर मंतर २०० ला, तिथे १००० चा पास चौथ्या ठिकाणी वसूल होत होता. कोणाची सून, जावई, भाचरं तिकडून येणार असतील तर ताजे दर बघून त्यांच्यासाठी विचार करा. आणि रांगेचा फायदा सगळ्यांनाच आहे, गर्दीच्या दिवसांत आमेरच्या खिडकीवर तो तेव्हाच्या दहा रुपयांहून नक्कीच मोठा. माझं म्हणणं पास वाईट असं नाहीये, आम्ही तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळेला आणि चुकीच्या कारणासाठी घेतला. पोचल्या दिवशी दुपारी फक्त अल्बर्ट हॉलचं ४० चं तिकीट काढायचं होतं आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी आमेरला. दोन पूर्ण दिवस मिळाले असते, पाचही झाली असती आणि इसरलाटही.

इसरलाटची चुटपुट अजून आहे. चौथ्या दिवशी दुपारची गाडी होती, सकाळी मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या घ्यायला गेलो तेव्हा त्रिपोलिया बाजारातून ते दिसलं, सात मजली मनोरा, दुकानांच्या डोक्यावर एकटाच उभा. अजून उघडायचं होतं. सवाई जयसिंगाचा मुलगा ईश्वरीसिंग, भावाशी गादीवरून भांडण, त्यात १७४७ ला राजमहलची लढाई त्याने जिंकली आणि त्या विजयाचा हा मनोरा, १७४९ चा. भावाच्या बाजूने त्या भांडणात होळकर होते. मनोरा उभा राहून वर्ष-दोन वर्षंच होताहेत तोवर मल्हारराव खंडणीसाठी जयपूरच्या वेशीवर आले, आणि डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंगाने विष घेतलं. पुढच्याच महिन्यात शहरात आलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. आमच्याकडे ह्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बाबा रस्त्याच्या कडेला उभं राहून बोट धरून मजले मोजत होते, मी बांगड्यांची पिशवी घेऊन त्यांच्या बाजूला, आणि आमच्या दोघांच्याही पर्समध्ये-खिशात त्याचंच तिकीट होतं, मुदत संपलेलं.

आता जानेवारीत नणंद जाणार आहे पुण्याहून, चौघं जण. तिला मी लिहून दिलंय. मुलांची आयकार्डं पिशवीत सगळ्यांत आधी. पोचल्या दिवशी पास घ्यायचा नाही. दर आणि वेळा निघायच्या आधी ताज्या बघून घे, ते बदलत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमेर, पास तिथेच, उतरताना नाहरगढ, संध्याकाळ तिथे. तिसऱ्या दिवशी नऊला हवा महल, ऊन चेहऱ्यावर असताना, मग चालत जंतर मंतर, तिथे दोन तास, आकाश निरभ्र असेल तरच मजा आहे, ढग असले तर क्रम बदल. जेवून इसरलाट, बंद व्हायच्या आत, मग अल्बर्ट हॉल. बाग सोडून दे, फारच वेळ उरला तर बघ.

बाबांनी तिला फोनवर वेगळंच काम दिलंय. वहीतला २ वाजून ४० मिनिटांचा आकडा सांगितला आणि म्हणाले, तू जानेवारीत जातेयस तर फरक बाराचा येणार नाही, बराच जास्त येईल, किती येतो ते वाचून मला कळव, मी काढून ठेवलाय.